कोटाचा आतला खिसा

तिला सगळे खिसेमावशी म्हणत. नाव इस्त्रीवाल्यानं ठेवलं होतं, आणि टोपणनावांचं नेहमी होतं तसं, ते खऱ्या नावापेक्षा जास्त टिकलं. लाँड्रीत तिचं काम एवढंच, की धुवायला आलेल्या कपड्यांचे खिसे यंत्रात जाण्याआधी रिकामे करायचे. ऐकायला हे काम बसल्याजागी पगार खाण्यासारखं वाटतं. पण एकदा कुणा गृहस्थाच्या सदऱ्यातलं शाईचं पेन तसंच आत गेलं आणि एका अख्ख्या हॉटेलच्या चादरी निळ्या होऊन बाहेर आल्या. त्या दिवशी शेठना साक्षात्कार झाला की माणसाच्या पोटात काय आहे हे एकवेळ सांगता येईल, खिशात काय आहे याचा नेम नाही. तेव्हापासून ही जागा निघाली.

जागेवर आधी दुसरी एक बाई होती. तिनं कोटात सापडलेला केसांचा चिमटा मोठ्या चांगुलपणानं कोटवाल्याच्या बायकोच्या हातावर ठेवला. "ताई, तुमचाच दिसतो." ताईंचे केस कानापर्यंतच होते. पुढं जे झालं त्यात लाँड्रीची दर्शनी काच फुटली आणि त्या बाईची नोकरी गेली. शेठनी नवी काच बसवली, नवी बाई आणली आणि एक नियम केला. ते म्हणाले, "मावशी, आपण कपडे धुतो, माणसं नाही. खिशातलं खिशात."

म्हणजे असं, की सापडेल ती वस्तू एका छोट्या कापडी पिशवीत घालायची, पिशवी कपड्याच्या नंबराला टाचणीनं लावायची, आणि कपडा धुऊन, इस्त्री होऊन निघाला की पिशवी जशीच्या तशी त्याच्यासोबत परत. विचारायचं नाही, सांगायचं नाही, हसायचं तर मुळीच नाही. गिऱ्हाइकांनाही हे माहीत झालं होतं. काही जण तर वस्तू काढायचा आळस करत. म्हणत, राहू दे, मावशीकडे बँकेपेक्षा सुरक्षित आहे.

मावशीनं हा नियम एखाद्या व्रतासारखा पाळला. तिला बोलायची हौस नव्हती असं नाही, पण बोलायला ऐकणारं माणूस लागतं, आणि तिचा नवरा लवकर गेला होता. तो गेला त्या दिवशी तिनं सवयीनं त्याचेही खिसे तपासले. त्यात एक सुटं बटण निघालं. त्याच्याच शर्टाचं. तेवढं लावून दे म्हणून तो महिनाभर तिच्या मागं लागला होता. ते बटण तिनं एका पत्र्याच्या डब्यात टाकलं, आणि पुढं लाँड्रीत सापडणारी बेवारशी बटणंही त्याच डब्यात पडत गेली. डबा तिच्या टेबलामागच्या फळीवर, बॉयलरच्या पाइपाजवळ असे. डब्याला कुणी हात लावत नसे. बटणांत कुणाला रस असतो?

खिशांवरून तिला अख्खी आळी पाठ झाली होती. दाताच्या डॉक्टरच्या खिशात चॉकलेटं. वजन कमी केल्याचं सांगत फिरणाऱ्या पोस्टमास्तरांच्या खिशात बिस्किटांचा चुरा. ज्याच्या घरी कायम भांडण, त्याच्या खिशात बायकोचा फोटो; आणि ज्यांच्या संसाराचे लोक दाखले देत, त्यांच्या खिशात कधीमधी ती चौकोनी, चकचकीत पाकिटं.

पहिल्यांदा सापडलं तेव्हा ते काय आहे हे तिला कळलंच नाही. तिनं ते इस्त्रीवाल्याला दाखवलं.

"शाम्पू दिसतोय," ती म्हणाली.

इस्त्रीवाल्यानं वाफेचं यंत्र बंद केलं. "मावशी, लावून बघू नका बरं का डोक्याला."

"मग काय आहे?"

"छत्री आहे. घरच्या पावसात लोक वापरत नाहीत, परगावच्या पावसात वापरतात."

तिनं पाकीट विंचू धरावा तसं टोकाला धरून पिशवीत टाकलं. अर्थ तिला पोचला होता. पण तो अर्ध्यापर्यंतच पोचला, आणि अर्धा अर्थ हा निरर्थकापेक्षा घातक असतो. तिच्या डोक्यात गणित पक्कं बसलं. ज्या खिशात पाकीट, त्या घरात पाप. ज्या खिशात नाही, ते घर धुतल्या तांदळाचं. पाकीट कशासाठी असतं, हा प्रश्न त्या गणितात कुठं नव्हता.

तिला एकच लेक. लेकीचं घर लाँड्रीपासून हाकेच्या अंतरावर. जावई शिवणयंत्रांचे सुटे भाग विकणाऱ्या कंपनीत. महिन्यातले निम्मे दिवस गावोगाव. माणूस गोड. सासूला "आई, जेवलात का?" विचारल्याशिवाय पुढं जायचा नाही. कंपनीचा राखाडी कोट परत आल्यावर लाँड्रीत पडायचा आणि पुढच्या फेरीला निघताना तो लाँड्रीतूनच कोट अंगावर चढवून थेट गाडी गाठायचा.

दोन-एक वर्षांपूर्वी त्या कोटाच्या आतल्या खिशात मावशीचा हात गेला आणि बोटांना ती ओळखीची, करकरीत कड लागली.

एक नव्हे, चार पाकिटांची पट्टी होती. मावशी स्टुलावर बसली. वाफेचं यंत्र फुसफुसत होतं, इस्त्रीवाला शीळ घालत होता, आणि तिच्या लेकीचा संसार तिच्या तळहातावर चकाकत होता.

नियमाप्रमाणं पट्टी पिशवीत जायला हवी होती. पेन गेलं, कंगवा गेला, खोकल्याच्या गोळ्या गेल्या. पट्टी काही जाईना. जावयाला विचारावं तर नियम मोडतो. लेकीला सांगावं तर लेक मोडते. शेवटी तिनं इकडंतिकडं पाहिलं आणि पट्टी बटणांच्या डब्यात टाकली. पिशवीला टाचणी लावली. नोकरी लागल्यापासून तिनं पहिल्यांदाच खिशातलं खिशात ठेवलं नव्हतं, आणि मन कसं हलकं झालं! तिला वाटलं, साधनच नाही हाताशी, तर जाईल कशाला मेला?

पाऊस पडू नये म्हणून छत्री लपवून ठेवावी, त्यातलाच हा प्रकार. पण लेकीच्या काळजीत माणसाला हवामानाचं शास्त्र कुठलं सुचायला?

पुढच्या खेपेला कोटात पुन्हा पट्टी. मावशीनं पुन्हा काढली. त्यापुढच्या खेपेलाही. जावई कोट न्यायला यायचा, पिशवी उघडायचा, आत बघायचा, क्षणभर थांबायचा, आणि काही न बोलता पेन खिशाला लावून निघून जायचा. मावशीला त्या क्षणभराच्या थांबण्यात पश्चात्ताप दिसायचा. आपण एका शब्दानं न बोलता जावयाला वठणीवर आणतोय, असं तिला वाटू लागलं. पुढं तर तो जास्तच गोड वागायला लागला. एकदा सासूसाठी परगावाहून चपला आणल्या. मावशीनं डब्याचं झाकण दाबून बसवलं. डबा भरत आला होता.

मग लेक बारीक होऊ लागली.

आधी ओटीपोटात दुखतंय म्हणाली. मग अंगावरून जातंय, वास येतो म्हणाली. मावशी म्हणाली, गरम पडलं असेल. बायकांच्या दुखण्याला आपल्याकडं गरम पडणं आणि गार पडणं अशी दोनच निदानं असतात. मग एकदा लेक कपडे वाळत घालताना कठड्याला धरून उभी राहिली आणि मान खाली घालून हळूच म्हणाली, "आई, ते... जवळ आले की नंतर रक्त जातं गं. पाळी नसताना."

मावशीच्या हातातला चिमटा खाली पडला. चिमटे वाईटच असतात.

दवाखाना म्हणजे जिन्याखालचा बाक, आत डॉक्टरीणबाईंचं टेबल, आणि तपासणीच्या खाटेपुढं हिरवा पडदा. लेक पडद्याआड. मावशी टेबलाजवळच्या खुर्चीत, पर्स मांडीवर धरून. पडद्याला कान नसतात, पण मावशीला होते.

"मिस्टर काय करतात?"

"फिरतीवर असतात."

"हं. आता जे विचारते त्याचा राग मानू नका, मी सगळ्यांनाच विचारते. बाहेर त्यांचा कुणाशी संबंध?"

हत्यारं ताटलीत किणकिणली. मग लेकीचा आवाज आला, अगदी सपाट. "आहे. मला माहीत आहे. भांडून झालं, रडून झालं. शेवटी म्हटलं, तुम्ही ऐकणार नाही, तर निदान घरी काही आणू नका. निरोधची पट्टी मीच आणून खिशात ठेवीन, असं सांगितलं. कोट धुवायला टाकताना आतल्या खिशात ठेवते. ते वापरतात."

"वापरतात हे कशावरून?"

"परत आले की खिसा दर वेळी रिकामा असतो."

खुर्चीतल्या बाईच्या पर्सचा बंद तिच्या मुठीत करकचला.

"आणि घरी? घरी वापरता?"

"घरी कशाला? माझं ऑपरेशन झालंय."

"ऑपरेशन मूल थांबवतं बाई, रोग नाही थांबवत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. हे वाक्य त्यांनी इतक्यांदा म्हटलं असावं की त्याच्या कडा झिजल्या होत्या. "दाराला कुलूप लावून खिडकी उघडी ठेवल्यासारखं झालं हे."

मग त्या पडद्याबाहेर येऊन हात धुऊ लागल्या आणि लेक साडी सावरत पुढ्यात बसली. डॉक्टरीणबाईंनी सरळ सांगितलं. एक जंतुसंसर्ग नक्की आहे. गोळ्यांनी बरा होईल, पण नवराबायको दोघांनी एकदम घेतल्या तर. नाहीतर तुम्ही बऱ्या व्हाल, तो परत देईल, हे रहाटगाडगं चालू राहील. औषध पुरं होईपर्यंत जवळ यायचं नाही, आणि त्यानंतरही निरोधशिवाय नाही. घरी असो की दारी, दर वेळी, पहिल्यापासून शेवटपर्यंत. रक्ताची तपासणी दोघांची करायची. एचआयव्हीची आज करू, काही महिन्यांनी पुन्हा करू. कारण तो पहिल्या भेटीत तोंड दाखवतोच असं नाही.

"आणि गर्भाशयाच्या तोंडाशी मला एक जागा बरी दिसली नाही. तुकडा काढून तपासायला पाठवलाय."

"कॅन्सर?" हे मावशीनं विचारलं. लेकीनं विचारलं नसतं.

"ते रिपोर्ट सांगेल. एक विषाणू असतो, असाच संबंधातून येणारा. बऱ्याच जणींच्या अंगातून आपोआप निघून जातो. काहींच्यात ठाण मांडतो, वर्षानुवर्षं गप्प बसतो आणि मग पेशी बिघडवतो. बिघाड कॅन्सर व्हायच्या आधी सापडला तर तेवढीच जागा काढून टाकता येते. म्हणून तर काही त्रास नसतानाही तपासून घ्या म्हणून मी बोंबलत असते. येतं कोण? रक्त दिसल्यावर येतात."

"निरोधनं अडला असता तो?" मावशीनं विचारलं.

"पूर्ण नाही. कातडीला कातडी लागूनही जातो तो. पण धोका बराच कमी झाला असता. आणि हा दुसरा जंतुसंसर्ग बहुधा अडलाच असता." त्यांनी लेकीकडं पाहिलं. "मुलगी आहे ना तुम्हाला? तिला या विषाणूची लस देऊन टाका."

"ती तर दहा वर्षांची पोर आहे!" मावशी म्हणाली.

"म्हणूनच. विषाणू भेटण्याआधी दिली तर उपयोग."

"पण डॉक्टर," लेक म्हणाली, "पट्टी तर मी दर वेळी ठेवत होते. मग हे आलं कुठून?"

"ते कुणालाच नक्की सांगता यायचं नाही. विषाणू तर कदाचित फार जुना असेल."

मावशीला मात्र सांगता येत होतं. निदान निम्मं.

घरी जाताना तिनं लेकीला लाँड्रीकडं वळवलं. दुपारची वेळ, शेठ जेवायला गेलेले, इस्त्रीवाला मागं भट्टीशी. मावशीनं फळीवरचा डबा काढला आणि झाकण उघडून टेबलावर उपडा केला. बटणं घरंगळली. पांढरी, काळी, शिंपल्याची. आणि त्यांच्यामध्ये चकचकीत पट्ट्यांचा ढीग.

टेबलावरून पडू पाहणारं एक बटण लेकीनं हातानं अडवलं.

"मी काढत होते," मावशी म्हणाली. "मला वाटलं, त्यानं घेतलीत. मला वाटलं, नसली तर जाणार नाही. सगळी आहेत बघ. एकही टाकलं नाही." जणू हिशेब चोख असणं हा काही बचाव होता.

लेकीनं एक पट्टी उचलली. पाइपाच्या उबेनं पाकिटं फुगून मऊ पडली होती. तिनं मागची बाजू उजेडाकडं धरली. "आई, यांना तारीख असते. आणि उष्णता चालत नाही. ही आता कुणाच्याच कामाची नाहीत."

"मला शिव्या दे."

"तुला दिसणार हे मला माहीत होतं." लेक हळूहळू बोलत होती, आकडेमोड करत असल्यासारखी. "तू बोलणार नाहीस हेही माहीत होतं. म्हणून तर धुवायला टाकताना ठेवायचे. त्यांच्या हातात द्यायला नको, त्यांचं तोंड बघायला नको. तुझ्या हातून जाईल आणि तुझ्या हातून त्यांना पोचेल. तू ठेवणार नाहीस, हे मात्र कधी मनात आलं नाही. खिशातलं खिशात, हे तूच सांगायचीस ना मला? रोज, जेवताना."

मागं भट्टीशी शीळ थांबली होती.

"आता त्यांना सांग, गोळ्या घ्या म्हणून," मावशी म्हणाली.

"कशी सांगू? म्हणतील, तूच आणलंस कुठून तरी. मागं एकदा म्हणालेत. परवा निघायचंय त्यांना. दवाखान्याचं नाव काढलं की त्यांना गाडीची घाई होते."

मावशीनं बटणं गोळा करून डब्यात भरली. पट्ट्या कचऱ्यात टाकल्या, येईल त्याला दिसतील अशा, वरच. "कोट कुठाय?"

"कालच टाकलाय की इथं."

"माझ्याकडंच आहे म्हणजे," मावशी म्हणाली.

निघायच्या दिवशी जावई आला तो बॅग खांद्याला लावूनच. दोन गिऱ्हाइकं उभी होती. शेठ गल्ल्यावर. "आई, जेवलात का?"

"तुमचा कोट तयार आहे," मावशी म्हणाली. कोट तिच्यामागं आकड्याला लटकत होता. कडक इस्त्रीचा, स्वच्छ, निर्दोष. "पण खिशात काही नाही."

"असू द्या, पेन माझ्याकडंच—"

"पेनाचं नाही बोलत. आतल्या खिशातलं बोलतेय. दोन वर्षं पोरगी ठेवत होती आणि दोन वर्षं मी काढत होते."

शेठनी मान वर केली. एका गिऱ्हाइकानं पावती उलटसुलट वाचायला घेतली, जणू तिच्यात गोष्ट लिहिली होती.

जावयाचा चेहरा आधी लाल झाला, मग त्याचा रंग हळूहळू उतरत गेला. तो टेबलावर वाकला. "म्हणजे... ती खरंच ठेवत होती?"

"तुम्हाला काय वाटलं?"

"मला वाटलं..." त्यानं ओठ ओले केले. "मला वाटलं तिनं विषय सोडला. चालवून घेतलं."

"आणि मग तुम्ही काय केलंत? विकत घेतलीत?"

त्यानं बॅगेचा पट्टा खांद्यावर वर सरकवला. रस्त्यावरून एक गाडी गेली आणि नवी काच थरथरली.

"तिच्या अंगातला तुकडा काढून तपासायला पाठवलाय," मावशी म्हणाली. आवाज चढला नव्हता, कपड्यांचे नंबर वाचून दाखवावेत तसा होता. "कॅन्सर आहे का ते बघायला. दुसरं जे आहे त्याच्या गोळ्या तुम्हालाही घ्यायच्यात आणि रक्तही द्यायचंय. डॉक्टरीणबाई चार वाजेपर्यंत असतात. चिठ्ठी आणा. मग कोट."

"आई, माझी गाडी आहे. पावती आहे माझ्याकडं!"

"पावतीच्या मागं बारीक अक्षरात लिहिलंय, वस्तूंची जबाबदारी लाँड्रीवर नाही. आजवर कुणी वाचलं नाही. मीही नाही."

"मावशी," शेठ खालच्या आवाजात म्हणाले, "नियम काय आहे आपला? आपण कपडे धुतो..."

"धुतले की. आता काच फोडायची तर यांना फोडू द्या. बाई दुसरी बघा."

शेठनी काचेकडं पाहिलं, जावयाकडं पाहिलं. त्यांनाही फिरतीचा धंदा असलेला एक भाऊ होता. ते गल्ल्यात तोंड घालून काहीतरी शोधू लागले.

"माझ्यावर ओरडा," मावशी जावयाला म्हणाली. "मी ऐकून घेईन. माझा वाटा आहेच त्यात. पण पोरीवर एक शब्द नको. तिनं दिलेली छत्री मी पळवली. भिजायला तुम्ही आपल्या पायानं गेलात."

त्यानं कोटाकडं पाहिलं. कंपनीचा बिल्ला त्या कोटावर, बिल्ल्याशिवाय त्याला कुठल्याही दुकानाची पायरी चढता येत नव्हती. मग त्यानं बॅग खाली ठेवली. ती तिथंच टाकून तो बाहेर पडला आणि दवाखान्याच्या बाजूला वळला. निदान वळला तरी त्या बाजूला. वाफेनं धुरकटलेल्या काचेतून त्यापुढचं दिसत नव्हतं.

"जातील का हो?" इस्त्रीवाल्यानं विचारलं. पहिल्यांदाच त्याच्या बोलण्यात टिंगल नव्हती.

"बॅग इथं आहे."

"आणि रिपोर्ट?"

"शुक्रवारी."

गिऱ्हाइकं निमूट आपापले कपडे घेऊन गेली. जाताना त्यांतल्या एकानं कोपऱ्यावर उभं राहून आपले खिसे चाचपले.

मावशीनं राखाडी कोट आकड्यावरून काढला, बाही झटकली आणि सवयीनं हात आतल्या खिशात घातला. बोटं पार तळाच्या शिवणीपर्यंत गेली. काही लागलं नाही. धागा नाही, कण नाही. तिच्याइतका स्वच्छ खिसा आळीत दुसरं कुणी रिकामा करत नसे.